भागीचं निम्मं बोलणं

भागी मेघालीच्या घरात बसली होती. स्वतःचं घर समोर, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी गॅलरी, आणि ही घरची धाकटी सून शेजारणीच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन. दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी. खुर्चीसुद्धा आत नाही, पार उंबऱ्याला लावलेली. प्रतीक्षा जिना चढून वर आली ती थेट तिच्यासमोरच.

"अगं, तू इथं काय करतेस? घरात नाही गेलीस?"

"बोलावतो म्हनले," भागी म्हणाली. "आत बोलनं चाललंय."

"कुणी बोलावतो म्हटलं? विक्रमनं?"

भागीनं नणंदेच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि नजर पिशवीवर आणली. ती नजर प्रतीक्षाच्या ओळखीची होती. वॉर्डात नवीन आलेला रुग्ण अस्संच बघतो. ही बाई विचारतेय ती काळजीनं, की लिहून घ्यायला?

मेघाली आतून ओट्याशी उभ्या उभ्याच म्हणाली, "प्रतीक्षाताई, दुपारपासून बसलीय ती. माझी ना नाही, माझ्याकडे खुशाल बसू दे. पण दीड महिन्यानं इस्पितळातून सुटून आलेल्या बाईला स्वतःच्या दारातून आत घेत नाहीत, हे काही मला बरं दिसत नाही. माझं आपलं स्पष्ट बोलणं."

तेवढ्यात समोरच्या दाराआडून स्वराचं रडणं ऐकू आलं. भागीची पाच महिन्यांची पोर, पण आवाज असा की कारखान्याचा भोंगा लाजेल. भागी जागची उठली नाही. फक्त पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, रडणं थांबेपर्यंत. थांबलं, तेव्हा तिनं तो सोडला. प्रतीक्षानं ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायला तिला फुरसत नव्हती. तिचं डोकं आधीच तापलं होतं. चपला काढायच्याही विसरून तिनं दार ढकललं.

आतलं बोलणं तिथल्या तिथे थांबलं.

खाटेवर आई, म्हणजे मैनाबाई. खिडकीशी भागीचा नवरा विक्रम, गजाला धरून. थोरली सून दीपिका भिंतीला टेकून खाली बसलेली, खांद्यावर स्वरा. आणि दाराजवळ फरशीवर, सतरंजी दिलेली असूनही सतरंजीच्या बाहेर, भागीचा बाप बुधा. त्याच्यापुढे फडक्यात बांधलेलं नागलीचं पीठ. ते कुणी उचलून आत नेलं नव्हतं. दीपिकाचा नवरा, मोठा प्रदीप, कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेला होता, आणि अशा वेळी त्याची पाळी बरोब्बर दुसरीच कशी असते हे एक कोडंच होतं.

"आलीस?" मैनाबाई म्हणाली. "बस. पाणी घे. आज ऊन केवढं गं."

उन्हाचा विषय. प्रतीक्षाला हसू यायचं तेवढं आलं. या घरात हल्ली ती आली की ऊन, पाणी, बोंबलाचे भाव, एवढेच विषय उरत. चूक म्हणाल तर तिचीच. पालघरच्या त्या मनोरुग्णांच्या इस्पितळात ती नर्स, आणि यंदा तिच्याकडे नवीन काम आलं होतं: बाकीच्या नर्सेस रुग्णांशी बोलल्यावर जे लिहून ठेवतात ते तपासायचं. रुग्ण काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत लिहिलंय का, की 'रुग्ण शांत, झोप बरी, तक्रार नाही' एवढं खरडून सिस्टर मोकळ्या झाल्या? एका वॉर्डात तर सगळे रुग्ण एका रात्री अगदी सारखेच झोपले होते, आणि त्यातला एक त्या दुपारीच घरी गेलेला. घरी गेलेला माणूसही कागदावर छान झोपला होता! हे तिनं एका रविवारी जेवताना हौसेनं सांगितलं. सगळे हसले. आणि तेव्हापासून तिच्यासमोर कुणी धड बोलेना. आई फोनवर हळूच म्हणायची, "प्रतीक्षा आलीय, मग बोलू." जशी काही घरात पोलीस आली.

त्यातच भागीला तिथं भरती करावं लागलं. प्रतीक्षा त्याच दिवशी मेट्रनकडे गेली आणि म्हणाली, ही माझी भावजय आहे, हा वॉर्ड मला नको. मेट्रननं दुसरा वॉर्ड दिला. भागीची फाईल तिनं आजवर उघडलेली नव्हती. हे तिनं घरात शपथेवर सांगितलं होतं. घरात कुणाचाही त्यावर विश्वास नव्हता.

"भागी बाहेर का बसलीय?" तिनं विचारलं.

मैनाबाईनं पदर सावरला. "आम्ही असं ठरवलंय, का तिनं थोडे दिवस माहेरी राहावं. डोंगरावर हवा चांगली. चांगली धड झाली म्हंजी येईल. लेकरू इथं राहील दीपिकाकडं. लेकराला काय, दूध वरचंच चालू आहे."

"आमी म्हंजी कोन?" बुधानं खालूनच विचारलं. "मला तं आता आल्यावर कळलं. पोरीला न्यायला म्हनून नाय आलो मी. पोरीला घरी सोडाया आलो."

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," मैनाबाई पुटपुटली. ती पुटपुटली तरी ते गॅलरीपर्यंत ऐकू जाई. सिन्नरकडून लग्न होऊन आली, नवरा चंद्रभान कारखान्यात लागला, तो गेला, दोन पोरं आणि एक पोरगी तिनं या बोईसरात वाढवली. पण आवाज शेतावरचाच राहिला. बुधानं ऐकलं, आणि पिठाचं गाठोडं स्वतःकडे ओढून घेतलं.

"थोडे दिवस म्हणजे किती?" प्रतीक्षानं विचारलं. "आणि स्वरा आईला ओळखायची बंद झाली की मग काय? मग म्हणाल, आता कशाला पोरीला त्रास."

"तेच तर म्हणतोय मी," विक्रम एकदम म्हणाला. "आई म्हणून कुणाला ओळखायचं? इस्पितळानंच लिहून दिलंय." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "हे बघ. तुझ्याच इस्पितळाचं आहे."

पडद्यावर फाईलच्या पानाचा फोटो होता. प्रतीक्षानं हात मागे घेतला. "मी नाही बघणार. हा तुझ्याकडे आला कुठून?"

"सिस्टर गोळ्या वाटायला गेल्या होत्या. फाईल टेबलावरच होती."

"म्हणून फोटो काढलास? लाज नाही वाटली?"

"माझ्याच बायकोची फाईल आहे ना!"

"मग बायकोला विचारायचं होतंस. फाईलला काय विचारतोस?"

विक्रमचे कान लाल झाले. तो लहानपणीही खोटं बोलताना नाही, पण खरं ऐकताना असाच लाल व्हायचा. "तू बघू नकोस, मी वाचतो," तो म्हणाला आणि वाचलंच. "'रुग्णाचा बाळाकडे ओढा नाही. भेटीच्या वेळी बाळाचा फोटो दाखवला असता तोंड फिरवले. घरीही बाळाला रडू देत असे. उचलून घेत नसे.' झालं? मी लिहिलंय का हे? आईनं लिहिलंय?"

 

"ह्या कुनी लिवलं?" बुधानं विचारलं आणि मान वर करून सरळ प्रतीक्षाकडे पाहिलं. "तुमी तिथल्याच ना? तुमचंच काम ना ते लिवन्याचं?"

"मी नाही लिहिलं, मामा. मी तो कागद पाहिलेलाही नाही."

"लिवलं नसंल," दीपिका म्हणाली. आवाज खालचा, कारण स्वरा डोळे मिटत होती. पण सातपाटीच्या मासळीबाजारात वाढलेली बाई, खालच्या आवाजातही वजन चोख मापून द्यायची. "पन हाताखालून तर गेलंच असंल ना ताईंच्या? वाचलं, आनि गप ऱ्हायल्या. का? तर भावजयीची बाजू. आमी मूर्ख, आमाला फोटो काढून आनावे लागतात."

म्हणजे व्याही म्हणतो, हिनं लिहून घात केला. थोरली भावजय म्हणते, हिनं लपवून घात केला. दोन्हीकडून प्रतीक्षाच चोर. तिला वाटलं, उठावं आणि सरळ पालघरची वाट धरावी. आपल्याला ना सून ना लेकरू. कशाला लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या? पण बाहेर ती खुर्ची उंबऱ्याला लावलेली होती. आणि बारशाला आत्या म्हणून पोरीच्या कानात 'स्वरा' हे नाव तिनंच सांगितलं होतं. नाव ठेवायला पुढे आणि निस्तरायला मागे, असं कसं चालेल?

ती खाली बसली. आणि इतक्या दिवसांच्या सवयीनं तिच्या डोक्यात ते वाक्य पुन्हा वाजलं. 'घरीही.'

"विक्रम, ती ओळ परत वाच. रडू देत असे, ती."

"'घरीही बाळाला रडू देत असे.'"

"ती सिस्टर कधी बोईसरला आली होती? आपल्या घरी?"

"ती कशाला येईल?"

"मग तिला घरचं काय माहीत?" प्रतीक्षा म्हणाली. "जे डोळ्यांनी बघितलं ते लिहायचं. जे ऐकलं, ते कुणी सांगितलं त्याचं नाव लिहायचं. इथं नाव नाही. म्हणजे कुणीतरी तिला सांगितलं, तिनं ते आपलंच बघितल्यासारखं लिहून टाकलं, आणि आता तुम्ही तेच वाचून म्हणताय, बघा, इस्पितळ सांगतंय. इस्पितळ नाही सांगत. या घरातलं कुणीतरी सांगतंय. तेच इथून गेलं, इस्पितळाचा शिक्का लावून परत आलं."

हे ऐकून चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि खोलीतला संशय प्रतीक्षाला सोडून दुसरीकडे जागा शोधू लागला. भागीला भेटायला गेलेली माणसं तीनच: विक्रम, मैनाबाई आणि दीपिका.

प्रतीक्षाची नजर दीपिकाकडे गेली. तिला जाऊ द्यायची नव्हती, पण गेली. दहा वर्षं लग्नाला, किती डॉक्टर, किती नवस, केळव्याच्या देवीला किती खेपा. आणि आता खांद्यावर पोर. पोरीला न्हाऊमाखू घालणारी तीच, रात्री उठणारी तीच. मोबाइलवर फोटो स्वराचाच. भागी डोंगरावर गेली तर फायदा कुणाचा? हे विचारायला शहाणं माणूस लागत नव्हतं.

दीपिकानं ती नजर पकडली.

"माझ्याकडं कशाला बघताय?" ती म्हणाली. आता तिला झोपलेल्या पोरीचंही भान राहिलं नाही. "बोला ना तोंडानं! वांझेच्या मांडीवर पोर दिसलं का ते चोरीचंच वाटतं ना तुमाला? दीड महिना मी निजले नाय. पोरीचं पोट फुगलं तेवा कोन होतं? तुमी होता, ताई? तुमी पालघरात दुसऱ्यांच्या वह्या तपासत होता!"

"मी काही बोलले का?"

"डोळं बोलले तुमचं. हां, सांगलं मी सिस्टरला. मी चोरून नाय सांगलं. फोटो दाखवला तर हिनं तोंड फिरवलं, एवढं सांगलं. खरं होतं ते. माझ्या डोळ्यांदेखत फिरवलं, पार भिंतीकडं. मी एवढ्या प्रेमानं फोटो काढून नेला, आनि आई बघायलाच तयार नाय! मला रडू आलं तिथं."

"कोणता फोटो?" मैनाबाईनं विचारलं.

"हा काय." दीपिकानं एका हातानं मोबाइल पुढे केला.

मैनाबाईनं तो डोळ्यांपाशी नेला, मग लांब धरला. फोटोत स्वरा गाढ झोपली होती. अंगठा तोंडात, कपाळाला तीट, गोधडी हनुवटीपर्यंत. मैनाबाई बराच वेळ बघत राहिली, आणि तिचा चेहरा काही वेगळाच होऊ लागला.

"ही तर झोपलीय," ती म्हणाली.

"मग? झोपल्यावरच फोटो येतो हिचा. जागी असली का हलते."

"अगं बये, झोपल्या लेकराकडं आईनं बघायचं नसतं! आईची नजर सगळ्यात आधी लागती. पाचवीच्या रात्री मीच तिला सांगितलं व्हतं. म्हणलं, भागी, ध्यानात ठेव, लेकरू झोपलं का त्याच्याकडं टक लावायची नाही, तोंड फिरवायचं. हां म्हणाली." मैनाबाईनं फोन खाटेवर ठेवला. "तिनं माझंच ऐकलं की गं."

दीपिकाचं तोंड उघडंच राहिलं. "मला काय ठावं असलं काय!" ती म्हणाली. "मला कुनी सांगलं? मला सांगायची पाळी कधी आली तुमच्यावर?"

 प्रतीक्षाला एकाएकी दीपिकाची इतकी कणव आली की मघाची आपली नजर परत घेता आली असती तर तिनं घेतली असती. पाचवीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत दीपिकाला कुणी येऊ दिलं नव्हतं, हेही तिला आता आठवलं. ते कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. तसंच असतं म्हणून तसंच झालं होतं.

"म्हणजे ध चा मा झाला," विक्रम हळूच म्हणाला.

"तू गप," मैनाबाई म्हणाली. ती आता खाटेवरून खाली उतरली होती, आणि खाटेवरची मैनाबाई आणि जमिनीवरची मैनाबाई यांत फरक असे. "मग ते रडू द्यायचं कुणी सांगितलं? दीपिका, तू?"

"आईची आन. मी तेवढंच बोलले."

"विक्रम?"

"मी कशाला सांगू? मी तर तिथं तोंडही उघडत नाही."

"आनि तुमी?" बुधानं मैनाबाईला विचारलं. "तुमी गेल्ता ना? तुमी काय बोलल्या सिस्टरबाईला?"

मैनाबाईनं पदराचं टोक दोन बोटांत धरलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, तिथंच तिची पंचाईत होई. "मी... मी एवढंच म्हणले, का पोर डोंगरातली आहे. तिला काही कळत नाही."

बुधा नुसता मान हलवत राहिला, एखादी जुनीच गोष्ट पुन्हा ऐकल्यासारखा. पण प्रतीक्षाला तिथं बसवेना. आपल्याच आईच्या तोंडचं ते वाक्य, व्याह्यासमोर, त्यानं स्वतःच्या शेतातली नागली दळून आणली असताना.

"डॉक्टर काय म्हणाले आज?" तिनं विषय तोडून विक्रमला विचारलं. "सोडताना तुला बोलावलं असेल ना?"

विक्रम पुन्हा खिडकीकडे वळला.

"विक्रम."

"म्हणाले, बरी आहे. गोळ्या चालू ठेवा."

"आणि बाळाचं?"

"...म्हणाले, बाळ आईपाशी द्या. हळूहळू. सोबत कुणीतरी बसा."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?" मैनाबाईच गरजली. "मला म्हणालास, डॉक्टर काही बोलले नाहीत!"

"मला भीती वाटते, आई!" विक्रम ओरडला, आणि स्वरा दचकून हलली. त्यानं आवाज खाली आणला. "तुम्ही सगळे बोलता. ड्यूटीवरून आलो की मला ती तशीच दिसायची, दाराशी उभी, नजर कुठं तरी. मी तिच्याशी बोलायलाच भ्यायचो. आणि त्या कागदावर आहे ना ते. रडू द्यायची. ते तर कुणीतरी बघितलंच असेल ना? ताई, भरती करताना तू होतीस डॉक्टरांशी बोलायला. तूच सांगितलं असशील."

"मी झोपेचं सांगितलं. जेवत नाही ते सांगितलं."

"आणि?"

"आणि काही नाही," प्रतीक्षा म्हणाली. पण म्हणता म्हणताच तिला आत कुठेतरी शंका चावली. त्या दिवशी आपण घाईत होतो. काय काय बोललो? आपल्या तोंडून तर गेलं नसेल? दुसऱ्यांच्या नोंदींत चुका काढणाऱ्या बाईला स्वतःचं बोलणं धड आठवेना.

"मीच सांगलं."

दार मघापासून नुसतं लोटलेलं होतं. ते आता उघडलं होतं, आणि उंबऱ्याच्या बाहेर भागी उभी होती. पिशवी खांद्याला. तिच्या मागे मेघाली, लुडबूड नको म्हणून तोंडावर हात धरून.

"कुनी नाय सांगलं," भागी म्हणाली. "रातच्या सिस्टरला मीच सांगलं. घरी बी पोरीला रडू द्यायची म्हनून."

दीपिकाचा हात स्वराच्या पाठीवर घट्ट झाला. विक्रमनं कपाळाला हात लावला. "म्हणजे खरंच आहे ते," तो म्हणाला. मैनाबाईनं नुसतंच बुधाकडे पाहिलं: आता बोला. आणि बुधा, जो आतापर्यंत लेकीसाठी ताठ बसला होता, त्यानं मान खाली घातली.

संपलंच सगळं, असं प्रतीक्षाला वाटलं. आता भागी डोंगरावर जाणार आणि स्वरा इथं राहणार, आणि कुणाला दोष द्यायची सोयही उरली नाही. पण भागी जागची हलली नव्हती. तिचं बोलून झाल्यासारखं दिसत नव्हतं. बोलताना ती नेहमी मधे थांबे. पाणी भरताना घागर टेकवावी तशी. घरातल्या कुणाला तेवढा दम नसे. तिचं वाक्य कुणीतरी दुसरंच पुरं करून टाकी.

"पुढं काय सांगितलंस?" प्रतीक्षानं विचारलं.

भागीनं तिच्याकडे पाहिलं. तीच मघाची नजर. ही लिहून घेणार का?

प्रतीक्षानं पर्स लांब सरकवली. "माझ्याकडे कागद नाही. सांग."

"पुढचं तिनं आयकलंच नाय. पल्याडच्या खाटंवर कुनी तरी आरडली, ती पळाली. मागनं आली ती लिवतच बसली. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे."

"आता सांग. आम्ही कुणी पळत नाही."

भागी थांबली. मैनाबाई काहीतरी बोलायला गेली. प्रतीक्षानं तिचा हात दाबला.

"वाटायचं, हात लावला तं माझ्या हातून पडंल पोर," भागी म्हणाली. "हातच माझं नाय, असं वाटायचं. मंग ती रडाया लागली का मी मोरीच्या दाराआड उभी ऱ्हायची. तिथून दिसतो ना पाळना. हलायची नाय तिथून. आई यायच्या, उचलायच्या, तवा कुठं माझा जीव खाली पडायचा. मंग मी भांडी घासाया बसायची." ती पुन्हा थांबली. या वेळी कुणी मधे बोललं नाही. "रडू दिली मी तिला. पन टाकून कधी गेले नाय. एकदा बी नाय."

मैनाबाई मोरीच्या दाराकडे बघत होती.

"आणि मी म्हणायची," ती म्हणाली, "लेकरू ठणाणा करतंय आणि ही बया मोरीत लपलीय. कामचुकार. सगळ्या बिल्डिंगीत सांगितलं मी. मेघाली, तुला पण सांगितलं ना गं मी?"

मेघालीनं तोंडावरचा हात न काढताच मान हलवली.

"मी तिला तिथं रोज बघत व्हते," मैनाबाई म्हणाली, आणि तिचा तो शेतावरचा आवाज पहिल्यांदाच कुणालाही ऐकू जाईना. "रोज तिथंच. मला वाटलं..." तिला काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

एवढ्या आवाजात स्वरा जागी झाली होती. तिनं आधी कुरकुर केली, मग ओठ काढला, आणि मग भोंगा सुरू केला. भागी उंबऱ्याबाहेर तशीच उभी. हात पिशवीच्या बंदाला. दीपिका स्वराला खांद्यावर थोपटत राहिली, थोपटत राहिली, आणि खोलीत कुणालाही कुणाकडे बघवेना. आता कुणी काय करावं हे सांगायला तिथं डॉक्टर नव्हते.

मग दीपिका उठली. चालत दारापर्यंत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर राग होता, आणि दोन्ही कुणावर हे तिलाही सांगता आलं नसतं.

"पिशवी खाली ठेव," ती भागीला म्हणाली. "हात पुढं कर. मी खालनं धरते. नाय पडत."

भागीनं पिशवी ठेवली. हात पुढे केले.  दीपिकानं पोर तिच्या हातांत दिली आणि स्वतःचे हात खाली तसेच धरून ठेवले. स्वरानं एक क्षण रडणं थांबवून या नव्या वासाचा अंदाज घेतला, आणि दुप्पट जोरानं सुरू केलं. भागी हसली नाही, रडली नाही. दातांवर दात ठेवून उभी राहिली, डोळे पोरीवर. जागी होती, तेव्हा बघायला हरकत नव्हती.

प्रतीक्षा बघत होती. तिला ते सवयीनं दिसतच होतं: चार हात, एक लेकरू. भागीनं दीपिकाला हात काढ म्हटलं नाही. दीपिकानंही ते काढले नाहीत. ते आधाराला होते की धरून ठेवायला, हे तिला तपासनीस असूनही लिहिता आलं नसतं.

बुधानं फडक्याची गाठ सोडली आणि पीठ मैनाबाईच्या पुढ्यात सरकवलं. "हिला पेज करून द्या. आनि मी आज जात नाय," तो म्हणाला. "हितंच निजतो, गॅलरीत. पोरीला घरात कोन काय बोलतं, ते मला बी आयकायचं हाय."

मैनाबाईनं पीठ उचललं. "गॅलरीत कशाला?" ती म्हणाली. "घरात निजा की." ते खरं बोलावणं होतं की लाजेकाजेस्तवचं, ते बुधाला कळेना, म्हणून तो बसल्या जागेवरूनच हसला. विक्रम फोन हातात घेऊन काहीतरी पुसत होता. पुसून झालं तरी पडद्याकडे बघत राहिला.

"ताई," भागी म्हणाली. पोरीवरची नजर न हलवता. "तुमी तपासता ना तिथं, त्या सिस्टरला एक सांगा."

"काय सांगू?"

भागी थांबली. खोलीतले सगळे थांबले.

"म्हनावं, बाई आनखी बोलत होती."